30 सप्टेंबरचा पट

मूल किती दिवस गैरहजर राहिलं की शाळेला त्याचं नाव कापता येतं? पहिली ते आठवीपुरतं कायदेशीर उत्तर असं की, कितीही दिवस राहो, कापता येत नाही. 2009 च्या बालशिक्षण हक्क कायद्याचं कलम 16 प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकायला मनाई करतं. तरी दर हिवाळ्यात हा प्रश्न पंचायत समितीच्या शिक्षण विभागात येतोच. कधी पालक विचारतात, कधी चक्क मुख्याध्यापक. प्रस्तुत लेखकाची नोकरी बीड जिल्ह्यात शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून शाळांची दप्तरं तपासण्यात गेली. ‘हजेरीच्या नियमांबद्दल सोप्या भाषेत लिहा’ असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा विषयापेक्षा सोप्या भाषेची अटच जड वाटली.

सुरुवात ‘सक्ती’पासून करावी लागते, कारण गैरसमजाचं मूळ तिथे आहे. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू केला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 मध्ये कायदा करून मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना 1 रुपया दंड ठेवला. या दोन्ही राजांच्या कथा शाळेच्या भाषणांतून इतक्या वेळा सांगितल्या जातात, की आजचा कायदाही तसाच असणार असं सगळे धरून चालतात. ‘साहेब, दोन बापांना दंड ठोका, बाकीचे आपोआप पोरं पाठवतील,’ असं सांगणारे सरपंच प्रत्येक तालुक्यात भेटतात. 2009 च्या कायद्यात पालकाला कलम 10 खाली कर्तव्य सांगितलंय, दंड मात्र कुठेच नाही. ‘सक्तीचं’ या शब्दाची व्याख्या कलम 8 मध्ये आहे आणि ती सक्ती सरकारवर आहे: प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होणं, तिन्ही सरकारने पाहायचं. म्हणजे मूल वर्गात नसेल तर कायद्याच्या लेखी कसूर होते ती सरकारकडून. हे ऐकल्यावर सरपंच खुर्चीत मागे टेकतात आणि विषय बदलतात.

शहरी वाचकाला गैरहजेरी म्हटलं की अकरावी-बारावीची 75 टक्क्यांची अट आठवते, आणि नाव कॉलेजात, मुलगा दिवसभर क्लासमध्ये, हा व्यवहार. तो रोखायला राज्य सरकारने 2018 मध्ये विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांना बायोमेट्रिक हजेरी सांगितली होती. त्या मुलांबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. त्यांच्या पालकांना लिहिता येतं, हेही एक कारण असावं.

इथून पुढे थोडं किचकट आहे.

प्राथमिक शाळेत दोन आकडे असतात. पट म्हणजे नोंदलेली मुलं आणि हजेरी म्हणजे त्या दिवशी आलेली मुलं. हजेरीवर खिचडी शिजते: पाचवीपर्यंत मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवी 150 ग्रॅम. शिक्षकांची पदं मात्र पटावर ठरतात. त्या हिशेबाला संचमान्यता म्हणतात आणि तिच्यासाठी पट धरला जातो तो 30 सप्टेंबरचा. कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पाचवीपर्यंतच्या शाळेत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 झाली की तीन. एकसष्टाव्या मुलाचं नाव असं एका नोकरीएवढं वजनदार होतं. गुरुजी हजेरीत फेरफार करतात म्हणून हसणाऱ्यांनी हे गणित एकदा स्वतः मांडून पाहावं.

फेरफार होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. नांदेडचे तेव्हाचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी जिल्ह्यातल्या शाळांची पटपडताळणी केली, तेव्हा खोट्या नावांचा डोंगर निघाला. मग राज्याने 3 ते 5 ऑक्टोबर 2011 ला सगळीकडे एकदम पडताळणी केली. पटावरची सुमारे 20 लाख मुलं जागेवर सापडली नाहीत. महसूल, पोलीस, कृषी, सगळ्या खात्यांची माणसं त्या तीन दिवसांत वर्गावर्गांत मुलं मोजत होती. शिक्षकांना ते अपमानकारक वाटलं. प्रस्तुत लेखकाला वाटलं नाही. त्या तारखेबद्दल मात्र त्याची तक्रार आहे आणि ती तो गेली कित्येक वर्षं बैठकांतून मांडतो. सहकारी आता तो उभा राहिला की घड्याळाकडे पाहतात.

2011 चा दसरा 6 ऑक्टोबरला होता. म्हणजे पडताळणी दसऱ्याच्या तोंडावर झाली. शाळाबाह्य मुलांची गाजलेली एकदिवसीय पाहणी झाली 4 जुलै 2015 ला. त्या दिवशी मोजलेल्या मुलांच्या बोटांना शाई लावली होती. सरकारी आकडा लाखाच्याही आत राहिला आणि तो फार कमी असल्याची हरकत संस्थांनी घेतली. संचमान्यता 30 सप्टेंबरची. आता या तिन्ही तारखांसमोर उसाचा हंगाम ठेवा. गाळप कधी सुरू करायचं ते दरवर्षी मंत्री समिती ठरवते. 2023 ला 1 नोव्हेंबर होती, 2024 ला 15 नोव्हेंबर. त्याच्या आगेमागे बीड, धाराशिव, अहिल्यानगरच्या गावांतून ट्रक, ट्रॅक्टर आणि बैलगाड्या भरून तोडकरी निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. थोडक्यात, राज्य मुलं मोजतं तेव्हा ही मुलं घरी असतात. मुलं निघाली की मोजणी संपलेली असते. कुणी कट करून तारखा निवडल्या असं अजिबात नाही. शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होतं, पट सप्टेंबरपर्यंत स्थिरावतो, हे कारण सरळ आहे. पण ज्या मुलांसाठी ‘शाळाबाह्य’ हा शब्द काढला, ती नेमकी या कारणाच्या फटीतून निसटतात.

नियमाने सलग 30 दिवस न आलेलं मूल शाळाबाह्य धरायचं. नाव पटावर राहतं आणि मूल शाळाबाह्यही होतं, अशी दुहेरी अवस्था. गेल्या हंगामात एका वाडीवरच्या शाळेत हेच दिसलं. प्रस्तुत लेखक निवृत्त आहे, पण त्या मुख्याध्यापकांनी दप्तर दाखवायला मुद्दाम बोलावलं होतं. पटावर 61, डिसेंबरात वर्गांत जेमतेम 40. पाचवीतली एक मुलगी आईवडिलांबरोबर कोल्हापूरकडे गेलेली. वडील-आईचा एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि पाठचा भाऊ दीड वर्षाचा. आई फडात गेली की कोपीवर त्याला सांभाळायला कोण, या प्रश्नाचं उत्तर ही मुलगी. हजेरीपत्रकात तिच्या नावापुढे महिनाभर ‘गै’ लागलेला. तिची आजी मात्र शाळेच्या पायरीवर येऊन सांगून गेली होती, ‘गुर्जी, नाव तेवढं कापू नका. चैतात येती ती.’

‘साहेब, दाखला हाती दिला तर पोरगी कुठल्याच शाळेत दिसणार नाही,’ मुख्याध्यापक म्हणाले. ‘आणि नाव ठेवलं तर वरून विचारतात, हजेरी एवढी का पडली?’

यावर शासनाकडे उत्तरं नाहीत असं नाही. पूर्वी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा होत्या. मग हंगामी वसतिगृहं आली: मूल गावातच राहतं, शाळा व्यवस्थापन समिती त्याच्या जेवणाची सोय पाहते. ती जिथे मनापासून चालली तिथे मुलं टिकली, आणि कागदावरच चालली तिथे काय झालं ते सांगायला नको. त्या वाडीत आजी एकटीच. स्वतःचंच तिच्याने होत नव्हतं. शिवाय वसतिगृह तान्ह्या भावाचं काय करणार?

तिसरा उपाय शिक्षण हमी कार्डाचा. मूल निघताना शाळा त्याच्या शिक्षणाची माहिती लिहून कार्ड देते, कारखान्याजवळची शाळा ते पाहून दाखल्याविना वर्गात बसवते, परतल्यावर मूळ शाळा पुढे नेते. कल्पना चांगली आहे, आणि ती राबवणाऱ्या बालरक्षक शिक्षकांनी पदरमोड करून फडाफडांतून मुलं गोळा केलेली लेखकाने पाहिली आहेत. पण पुन्हा तीच तारीख आडवी येते. मूल डिसेंबरात कोल्हापूर-सांगलीकडच्या शाळेत बसलं, तरी 30 सप्टेंबरला त्याचं नाव बीडमध्ये होतं. त्यामुळे पद इथे आणि मूल तिथे. तिथल्या बाईंच्या वर्गात पंधरा-वीस मुलं वाढतात आणि शिक्षक एकही वाढत नाही. त्यांनी नाखुशी दाखवली तर त्यांना नावं ठेवायला लेखकाची जीभ रेटत नाही. शाहू महाराजांनी दंड बसवून मुलं शाळेत आणली त्याच मुलखात, शाळेपासून हाकेच्या अंतरावर, कोपीवरची मुलं हंगामभर बसून असतात. तो मुलूख कोरडा असता तर ऊसही नसता, हे खरं.

मधल्या काळात यंत्रणेने हजेरी ‘पक्की’ करायचे बरेच प्रयत्न केले. दहा-दहा मुलांच्या गटाबरोबर शिक्षकाने सेल्फी काढून पाठवायचा असा आदेश 2016 मध्ये निघाला आणि ओरड झाल्यावर 2017 च्या जानेवारीत स्थगित झाला. डिसेंबर 2023 पासून मोबाइलवरच्या चॅटबॉटवर हजेरी आली. वाडीवर रेंज नसली की गुरुजी टेकडीवर चढतात. यातलं प्रत्येक साधन वर्गात कोण आहे ते सांगतं. नसलेलं मूल कुठे आहे, हे त्यातलं एकही विचारत नाही. गरीब घरच्या मागास प्रवर्गातल्या मुलींनी पहिली ते चौथी शाळेत यावं म्हणून 1992 पासून दिवसाला 1 रुपया उपस्थिती भत्ता आहे, 75 टक्के हजेरीच्या अटीवर. तेव्हापासून उसाच्या तोडणीचा दर अनेकदा संप करून वाढवून घेतला गेला. हा रुपया रुपयाच राहिला.

मग करायचं काय? लेखकाचं म्हणणं एवढंच, की 31 जानेवारीला दुसरी मोजणी करा. सप्टेंबरचा पट पदांसाठी राहू द्या. जानेवारीत जिथे मूल प्रत्यक्ष बसलेलं असेल, तिथे हंगामापुरता एक शिक्षक आणि त्याच्या वाट्याचा तांदूळ द्या.

ही सूचना बैठकीत मांडली की आक्षेप येतात आणि ते पोकळ नसतात. हंगामापुरता शिक्षक म्हणजे मानधनावरचा, आणि मानधन वेळेवर मिळत नाही हे साऱ्यांना ठाऊक. दुसरी मोजणी म्हणजे खोट्या नावांना दुसरी संधी; एकच मूल सप्टेंबरात बीडला आणि जानेवारीत कोल्हापूरला दाखवून दोन्हीकडची पदं कुणी लाटणार नाही याची हमी काय? आधार जोडल्याने ते थांबेल म्हणावं, तर आधार जुळत नाही म्हणून खऱ्या मुलांचीच नावं गळाल्याच्या तक्रारी आहेत. एका तरुण गटशिक्षणाधिकाऱ्यांनी तर विचारलं, ‘जानेवारीत मोजलं आणि बीडच्या शाळांतली मुलं निम्मी निघाली, तर सरकार तिकडे शिक्षक देईल, की इकडचे काढून घेईल?’ या प्रश्नावर लेखकाने बैठकीत काही उत्तर दिलं, पण त्याचं स्वतःचंच त्याने समाधान झालेलं नाही. त्या वाडीवरच्या मुख्याध्यापकांना विचारलं तर ते म्हणाले, ‘मोजा, पण आमचा तिसरा मास्तर आधी लेखी कायम करून द्या.’