हिंगोलीची खंडेनवमी आणि मामंजींचे चाकू

हिंगोलीचा दसरा पाहिलाय का तुम्ही? नसेल, तर सवड काढून एकदा जरूर पाहा. माझं माहेर अकोल्याचं, ह्यांची नोकरीही अकोल्यातच; पण सासर हिंगोलीचं. त्यामुळे लग्न झाल्यापासून दसऱ्याला हिंगोली हा आमच्या घरचा नेमच. पूर्वी मीटरगेजची लहान गाडी होती, आता ब्रॉडगेज आहे. अकोल्याहून निघालं की वाशीम येतं आणि डब्यातला चिवडा संपेपर्यंत हिंगोलीही येतं.

इथला दसरा दीडशे वर्षांहून जुना. खाकीबाबांच्या मठापासून त्याची सुरुवात झाली. रामलीला मैदानावर रामलीला होते, प्रदर्शन भरतं, पाळणे लागतात आणि दसऱ्याच्या रात्री उंचच उंच रावण जळतो. त्या प्रदर्शनात पाय टाकला की घरातलं काही ना काही आपल्याकडे नाही असं वाटू लागतं. किसणी, साचे, नारळ खवायचं यंत्र! मी दर वर्षी ठरवून जाते की काही घ्यायचं नाही, आणि दर वर्षी पिशवी भरून परत येते.

पण मला सांगायचंय ते दसऱ्याच्या आदल्या दिवसाचं. खंडेनवमीचं.

खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो. कुणाकडे तलवार नसते हो, पण शेतकऱ्याचा विळा असतो, शिंप्याची कात्री असते, आपली विळी असते. आमच्या हिंगोलीच्या घरी त्या दिवशी पाटावर पांढरं धुतलेलं कापड घालून मामंजी आपले चाकू मांडायचे. एकूण सव्वीस. सगळे खिशात मावणारे, मिटणारे आणि बहुतेक नुसते चाकू नव्हेत. कुणाला पात्याबरोबर डबा उघडायचं हत्यार, कुणाला पेचकस, कुणाला टोच्या, कुणाला कात्री, चिमटा, बूच काढायचा मळसूत्री स्क्रू. (आमच्या घरात बाटलीचं बूच उडवायची वेळ कधी आली नाही, पण स्क्रू असलेले चाकू नऊ!)

हा नाद त्यांना एकट्यांनाच नव्हता. त्यांचे चार मित्र होते : एक निवृत्त मास्तर, एक एस.टी.तले मेकॅनिक, एक शिंपी आणि एक हळदीचे अडते. हिंगोली-वसमतकडे हळदीचा मोठा बाजार, हे तुम्हांला ठाऊक असेलच. हे चौघे खंडेनवमीच्या दुपारी आपापले चाकू रुमालात बांधून आमच्याकडे यायचे. मग पूजा, मग चहा, मग तीन तास तुलना! लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसूच आवरेना. पाच वयस्क माणसं कानाशी चाकू धरून तो मिटताना 'टक्' असा आवाज कसा येतो ते ऐकताहेत! पण हळूहळू मलाही कळू लागलं. पातं उघडल्यावर डावी-उजवीकडे हलतं का, ते पाहायचं. उघडताना आणि मिटताना पाठीची स्प्रिंग सारखाच जोर लावते का, ते पाहायचं. दोन पाती शेजारी असतील तर एकमेकींना घासतात का, हेही. आणि शेवटी वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून त्यावर पातं फिरवायचं. चांगलं पातं आवाज न करता उतरतं, वाईट पातं कागद फाडतं.

मास्तरांकडे माहितीचा खजिना. लाल मुठीचा स्विस चाकू हातात आला की त्यांचा तास सुरू व्हायचा. स्वित्झर्लंडमधल्या ईबाख गावच्या कार्ल एल्सनर नावाच्या कारागिरानं 1891 साली आपल्या देशाच्या सैनिकांना चाकू पुरवायला सुरुवात केली. त्या पहिल्या चाकूला लाकडी मूठ होती आणि चारच गोष्टी : पातं, टोच्या, डबा उघडायचं हत्यार आणि पेचकस. पेचकस कशाला, तर बंदूक सोडवून साफ करायला. मग 1897 साली त्यानं अधिकाऱ्यांसाठी हलका चाकू काढला, त्यात एक लहान पातं आणि बुचाचा स्क्रू वाढवला. पुढे कंपनीला त्यानं आपल्या आईचं, व्हिक्टोरियाचं नाव दिलं. न गंजणाऱ्या पोलादाचं 'इनॉक्स' 1921 साली त्याला जोडलं गेलं आणि झालं व्हिक्टोरिनॉक्स. म्हणजे बघा, जगभरच्या पुरुषांच्या खिशात एका आईचं नाव आहे! हे मला मास्तरांकडून कळलं तेव्हा त्या चाकवांविषयी जरा आपुलकी वाटू लागली.

मेकॅनिककाकांचा जीव मात्र पकडीत. त्यांच्या पुतण्यानं परदेशातून आणलेलं लेदरमनचं हत्यार ते कमरेला लावूनच यायचे. अमेरिकेतले टिम लेदरमन 1975 साली एका जुन्या मोटारीतून युरोप हिंडले. मोटार सारखी बिघडायची, खिशात चाकू होता पण पक्कड नव्हती. त्या वैतागातून आठ वर्षं खटपट करून 1983 साली पक्कडच मिटून खिशात मावेल असं हत्यार त्यांनी बाजारात आणलं. "चाकूनं नट सुटत नसतो, मास्तर," हे काकांचं ठरलेलं वाक्य. आणि "पकडीनं पेरू कापून दाखवा," हे मास्तरांचं उत्तर.

सर्वांत मोठा वाद एका जुन्या, काळपट चाकूवरून. तो मामंजींनी रिसाला बाजारातल्या एका भंगारवाल्याकडून घेतला होता. हिंगोलीत एके काळी हैदराबाद संस्थानच्या पलटणींची छावणी होती. रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही नावं तेव्हाची, ती अजून चालतात. त्या चाकूच्या पाठीला बोटाएवढी लांब टोकदार सळी आहे. अडते म्हणायचे, ती घोड्याच्या खुरातले खडे काढायला. मामंजी म्हणायचे, नाही, दोरखंडाच्या गाठी सोडवायला. दर वर्षी हा वाद व्हायचा आणि दर वर्षी चहा गार व्हायचा.

तुम्ही म्हणाल, हे सगळं पुरुषांचं खूळ, आपल्याला काय त्याचं? मीही तसंच म्हणायची. शिवाय माझा एक राग होता, तो सांगून टाकते. हत्यारं त्यांच्या खिशात, आणि आपल्याला खिसाच नाही! आपली आजी कमरेला चांदीचा छल्ला खोचायची, त्याला किल्ल्या, दातकोरणं, कानकोरणं. आपण बांगडीत चार सेफ्टी पिना अडकवतो. चप्पलचा अंगठा तुटला, पोराच्या पायात काटा गेला, नाडी आत गेली, सगळ्याला तीच पिन. त्या पिनेची कधी कुणी पूजा केली का? पुण्याला केळकर संग्रहालयात गेलात तर अडकित्ते जरूर बघा. दिनकर केळकरांनी आयुष्यभर हिंडून जमवलेल्या वस्तूंत पोपटाचे, मोराचे, घोड्याचे आकार केलेले इतके अडकित्ते आहेत की आपल्या माजघरातली हत्यारंही किती देखणी होती ते कळतं. मी ते पाहिलं आणि घरी येऊन आधी सासूबाईंचा पितळी अडकित्ता चिंचेनं घासला.

मागच्या वर्षी भाद्रपदात मामंजी गेले. त्या वर्षी सण नव्हता, दसराही नाही. यंदा वर्षश्राद्ध झालं आणि आम्ही सगळे हिंगोलीला जमलो. घरात दसऱ्याच्या उत्साहाबरोबर दुसरीही एक कुजबुज होती : चाकवांचं काय करायचं? थोरले भाऊजी म्हणाले, तीन भावांत वाटून घेऊ. धाकट्या भाऊजींना लाल मुठीचे सगळे हवे होते. ह्यांनी तोंडानं काही मागितलं नाही, पण मी ओळखते त्यांना, रिसाल्याचा तो काळा चाकू ह्यांच्या मनात होता. सासूबाईंना कुणी विचारलं नाही. मीही नाही, हे कबूल करते.

अष्टमीला मन रमेना म्हणून आम्ही जावा-जावा नर्सीला जाऊन आलो. नर्सी हे संत नामदेवांचं जन्मगाव, कयाधू नदीच्या काठी. नामदेवांची एकसष्ट पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत, म्हणून इथे वारकऱ्यांइतक्याच भक्तीनं शीख यात्रेकरू येतात. देवळात बसल्यावर मला वाटलं, हा संत जातीचा शिंपी. सुई, कात्री आणि गज हीच त्यांच्या घरची हत्यारं. परत येताना औंढ्याला नागनाथाचं दर्शन घेतलं. बारा ज्योतिर्लिंगांतलं हे स्थान. गाभारा जमिनीखाली, अरुंद पायऱ्यांनी वाकून खाली उतरावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांनी सावकाश उतरावं. देवळाच्या भिंतींवरचं कोरीवकाम मात्र बाहेरून निवांत फिरून बघा. नंदी देवासमोर नसून मागल्या बाजूला आहे. नामदेवांसाठी देऊळ फिरलं, अशी त्याची कथा सांगतात.

नवमीच्या सकाळी भाऊजींनी कपाटातली पत्र्याची पेटी काढली. भाद्रपद ते भाद्रपद, वर ह्या वर्षीचा पाऊस. ह्यांनी आधीच मला हळूच सांगितलं होतं, "गंजले असतील गं सगळे." पेटी उघडली. सव्वीसच्या सव्वीस चाकू जुन्या धोतराच्या तुकड्यांत वेगवेगळे गुंडाळलेले, आणि आरशासारखे लख्ख!

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. सासूबाई दारात उभ्या होत्या. "दर अमावास्येला पुसते मी," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं मीच पुसतेय. त्यांना कुठं यायचं? ते नुसते बघायचे."

मग त्यांनी पाटावर बसून दाखवलं, ते मी तुमच्यासाठी नीट लक्षात ठेवलंय. आधी कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब घालून सगळी पाती उघडून ब्रशानं धुवायची. मग कोरड्या फडक्यानं पुसून तासभर उन्हात, उघडीच. मिटवून वाळवलं की आत पाणी राहतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. नंतर बिजागरीत शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब. खोबरेल घालू नका. ते थंडीत थिजतं आणि पुढे चिकट होऊन धूळ धरतं. फळ कापायच्या पात्यावरचं तेल आधी पुसून घ्या. लिंबू-कैरी कापल्यावर साधं पोलाद काळं पडतं, म्हणून लगेच धुवा.

त्यांच्या बोटांना संधिवात. अंगठ्याचं नख पात्याच्या खाचेत घालून उघडायची ताकद नाही. म्हणून त्या छल्ल्याला अडकवलेलं भोकाचं जुनं नाणं काढून त्याची कड खाचेत घालतात आणि पातं उचलतात. ज्यांची नखं कमजोर आहेत त्यांनी कुठल्याही पातळ नाण्यानं करून पाहावं, सोपं जातं.

दुपारी चौघे मित्र आले. त्यांचे रुमाल हातातच. मास्तर अंगणातूनच म्हणाले, "वहिनी, औंदा मांडायचं का नाही?" सासूबाई म्हणाल्या, "मांडलंय. या."

हळदीकुंकू वाहायची वेळ आली तशा त्या मागे सरल्या. घरात एकदम शांतता. तेव्हा आमचे शिंपीकाका, एरवी ते फारसं बोलत नाहीत, ते म्हणाले, "ज्यानं हत्यार राखलं, पूजा त्याची. वहिनी, तुम्हीच करा." त्या जरा घुटमळल्या. मग थोरल्या जाऊबाईंनी तबक त्यांच्यासमोर सरकवलं. सासूबाईंनी चाकवांना झेंडूचं एकेक फूल वाहिलं, आणि सगळ्यांत शेवटी कमरेचा छल्ला काढून त्याच कापडावर ठेवला. मी माझ्या बांगडीतली पिन काढून हळूच शेजारी ठेवली. जाऊबाईंनी बघितलं, त्यांनीही ठेवली!

मग तुलना सुरू झाली, आणि काय सांगू, त्या माणसांना जे वर्षानुवर्षं कळलं नव्हतं ते सासूबाईंना ठाऊक होतं. कोणत्या चाकूची स्प्रिंग थंडीत अडते, कोणत्याचं रिव्हेट सैल आहे, कोणता अस्सल आणि कोणता नुसता लाल रंगाचा, सगळं. काळ्या चाकूचा वाद निघाला तशा त्या म्हणाल्या, "अहो, खुरासाठी असती तर सळीचं टोक वाकडं असतं. हे सरळ आहे आणि घासून गुळगुळीत झालंय. मी ह्यानंच बाजेच्या सुंभाच्या गाठी सोडवते." अडत्यांनी कान पकडले. चहा त्या दिवशी गरम गरम प्यायला गेला.

वाटणीचं रात्री भाऊजींनीच काढलं. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या हयातीत पेटी इथंच राहील. पण एकेक वापरायला देईन, ज्याला जो चालतो तो. गंजवून आणला तर परत घेईन." कुणी काही बोललं नाही. धाकट्या भाऊजींना लाल मुठीचा एकच मिळाला. ह्यांना काळा चाकू मिळाला नाही. बाज विणायची ती, ती त्यांच्याकडेच.

मला मिळाला सगळ्यांत लहान, बोटाएवढा. एक पातं, एक कात्री आणि मुठीत खुपसलेला चिमटा. मुलांच्या पायातले काटे घरात ह्यानंच काढले जायचे म्हणे. आता तो माझ्या पर्समध्ये असतो. (विमानानं जाणार असाल तर असला चाकू हातातल्या पिशवीत चालत नाही, मोठ्या सामानात टाका.) जाऊबाई विचारत होत्या, छल्ला करून घेऊ या का दोघींना? हिंगोलीच्या सराफाकडे चौकशी चालली आहे.

काल सकाळी भाजी निवडत होते तर फोन आला. म्हटलं, काय झालं? तर सासूबाई. "आज अमावास्या आहे. तेल घातलंस का गं?"