एक कान उघडा

लेकीनं विषय काढला तो मी पोळ्या लाटत असताना. हात पिठाचे असले की मी चष्मा वर करून तिच्याकडे नीट बघू शकत नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

"आई, नगर रोडला म्युझिक फेस्टिव्हल आहे. शनिवारी. आम्ही पाच जण जातोय."

"जातोय, की जाऊ का?"

"जाऊ का," ती म्हणाली. प्रश्नचिन्ह मात्र कुठे ऐकू आलं नाही.

2022 चा डिसेंबर. ही बारावीला, सतरा वर्षांची. 2021 साली बोर्डाची परीक्षाच रद्द झाली, त्यामुळे दहावीला पेपर न देता पास झालेली ही पिढी. दोन वर्षं मित्रमैत्रिणींचे चेहरे मोबाइलच्या चौकोनात बघितलेले. नवरा म्हणाला, "फेब्रुवारीत बोर्ड आहे, आणि आत्ता हे?" त्याचा मुद्दा रास्त होता. पण त्याला उत्तर देणं सोपं होतं, कारण परीक्षा ही माझी खरी काळजी नव्हतीच.

मी श्रवणतज्ज्ञ आहे. गणेशविसर्जनानंतरचा आठवडा माझ्या दवाखान्यात ठरलेला असतो: ढोलपथकातली मुलं, डीजेच्या भिंतीसमोर रात्रभर नाचलेली मुलं, 'मॅडम, कानात कुईऽऽ वाजतंय, थांबतच नाही' म्हणणारी. कानाचा हिशोब निर्दयी असतो. 85 डेसिबलचा आवाज आठ तास चालतो. त्यापुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 88 ला चार तास, 91 ला दोन, आणि 100 डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. स्टेजसमोर पोरं चार-चार तास उभी असतात. हे सगळं मी लेकीला लाटणं हातात धरून ऐकवलं. ती शांतपणे म्हणाली, "मग इअरप्लग दे ना. तुझ्याकडे डबाभर आहेत."

पुढे बोलायला जागाच राहिली नाही. कान हे माझं निमित्त होतं, हे दोघींनाही कळलं. मला भीती वाटत होती ती दारूची, गर्दीतल्या हातांची, परतीच्या अंधाऱ्या रस्त्याची. महाराष्ट्रात बियरसाठी एकवीस आणि कडक दारूसाठी पंचवीस वर्षांची अट आहे. पण कायद्यातलं वय आणि कोणीतरी पुढे केलेला ग्लास यांची गाठ काही पोलीस घालून देत नाहीत.

अशा वेळी मी बाबांना फोन करते. ते तेव्हा चौऱ्याऐंशीचे, कोथरूडला राहत होते. मला खात्री होती की ते लेकीची बाजू घेणार. कारण 1986 च्या डिसेंबरात, मीही सतराच वर्षांची असताना, याच माणसानं मला तीन मैत्रिणींबरोबर सवाई गंधर्व महोत्सवाला रात्रभर पाठवलं होतं. पेठेतल्या शाळेचं पटांगण, खाली सतरंजी, अंगावर आजीची शाल, डब्यात दशम्या आणि लसणाची चटणी. पहाटे भीमसेनजी गायला बसले तेव्हा माझी एक मैत्रीण माझ्या मांडीवर डोकं ठेवून गाढ झोपली होती आणि तिला उठवावं की नाही, यावर आम्ही डोळ्यांनीच भांडत होतो. उजाडल्यावर आम्ही चालत घरी आलो. घरात फोनसुद्धा नव्हता. 'माझ्या बाबांनी माझ्यावर एवढा विश्वास टाकला' हे वाक्य मी नंतर किती जणांना ऐकवलं असेल, गणती नाही. मुलाखतीतसुद्धा.

बाबा म्हणाले, "तुला कुठे एकटीला सोडलं होतं? तिकिटं बघायला दारावर आमच्या बँकेतला क्लार्क. पुढे खुर्चीत वरच्या मजल्यावरचे काका. चहाच्या स्टॉलवर आपला नेहमीचा वाणी. तुम्ही दोनदा उठून वडे खाल्लेत, हे मला सकाळी तू यायच्या आधी कळलं होतं."

"म्हणजे विश्वास वगैरे…"

"विश्वास होता की. मांडवावर होता."

छत्तीस वर्षं सांभाळलेलं वाक्य असं एका फोनमध्ये गेलं. मला थोडा रागच आला. मग लक्षात आलं, माझ्यापुढचा पेच अवघड आहे तो म्हणूनच. नगर रोडच्या त्या लॉनवर माझ्या ओळखीचा क्लार्क नाही, काका नाहीत, वाणी तर नाहीच. 2010 साली एनएच7 वीकेंडर पुण्यात सुरू झाला तेव्हा ही पाच वर्षांची होती, त्यामुळे असा महोत्सव तिच्या लेखी सवाईइतकाच पुणेरी. मला मात्र तिथल्या एकाही कलाकाराचं नाव धड वाचता येत नव्हतं. मांडवावर विश्वास ठेवायची सोयच नव्हती. तो ठेवायचा तर हिच्यावर, निखालस हिच्या एकटीवर.

हो म्हणाले. अटी घातल्या, त्यातल्या निम्म्या तिनंच सुचवल्या होत्या. पाचही जणांनी कायम एकत्र राहायचं, उघडा ग्लास कुणाकडून घ्यायचा नाही, कार्यक्रम दहाला संपला की पेट्रोल पंपापाशी यायचं. न्यायला मी येणार. आणि इअरप्लग, नारिंगी स्पंजचे, एक जोडी तिच्या हातावर ठेवली. कसे घालायचे तेही दाखवलं: बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हातानं कान वर ओढायचा, आत सरकवून फुगेपर्यंत दाबून धरायचा. "आई, मी सहावीत असल्यापासून हे बघतेय," ती म्हणाली.

शनिवारी साडेनऊलाच मी पंपाच्या पुढे गाडी लावून बसले. काचा बंद होत्या, तरी खालचे सूर येत होते. ते कानांना नव्हे, स्टिअरिंगवरच्या बोटांना कळत होते. आणि मी वाट बघत होते ती दहा वाजण्याची. याचं मला हसू येत होतं. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा 2000 सालचा नियम. वर्षातल्या मोजक्या दिवशी बारापर्यंत सवलत मिळते, पण सवाईची ती अख्खी रात्र या नियमानंच गेली. आता सवाई मुकुंदनगरला भरतो, लोक वेळेवर घरी जाऊन झोपतात. माझा धंदा कानांचा, तरी या एका बाबतीत मी त्या नियमाला वीस वर्षं शिव्या घातल्यात. आणि त्या रात्री मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत त्याच नियमाचा धावा करत होते. दहाला दोन मिनिटं असताना बोटांखालची थरथर थांबली.

गर्दी बाहेर यायला लागली. सव्वादहा. साडेदहा. लेकीचा फोन बंद. इतरांचे लागेनात, हजारो लोक एका वेळी फोन लावत असणार. डोकं हे समजून घेत होतं, पोट घेत नव्हतं. पावणेअकराला मी गाडीतून उतरले आणि जाणाऱ्या प्रत्येक पोरीच्या तोंडाकडे बघायला लागले. एक-दोघी घाबरल्याही असतील.

अकराला पाच मिनिटं असताना पाचही जण आले. एका मुलीला दोघींनी धरलेलं, एका मुलाच्या हातात तिचे बूट. "आई, काही नाही झालं," हे लेकीचं पहिलं वाक्य, त्यामुळे माझ्या पायातलं उरलंसुरलं बळही गेलं. झालं होतं ते एवढंच: दुपारपासून काही न खाल्लेल्या त्या मुलीला गर्दीत भोवळ आली. यांनी तिला वैद्यकीय मदतीच्या तंबूत नेलं, ओआरएस पाजलं, शेवटची दोन गाणी तिच्या उशाशी बसून तंबूच्या कापडातून ऐकली. माझ्या लेकीच्या फोनची बॅटरी चित्रीकरणात संपली होती, ते मात्र अक्षम्य.

बाकीच्यांना घरोघर सोडून आम्ही दोघीच राहिलो, तेव्हा मी विचारलं, "इअरप्लग घातलेस ना?"

"घातला."

"घातला?"

"एका मैत्रिणीकडे नव्हते ना. मग एक तिला दिला, एक मला. उघडा कान आम्ही स्टेजच्या उलट्या बाजूला ठेवत होतो."

माझ्या बावीस वर्षांच्या व्यवसायात इतका बिनडोक उपाय मी ऐकला नव्हता. मोकळ्या मैदानात चारी बाजूंना स्पीकर असताना 'उलटी बाजू' कुठली? मी सिग्नलपर्यंत तिला झापत होते. सिग्नलला ती म्हणाली, "आई, हळू बोल. डाव्या कानात कुई वाजतंय."

रविवारी दवाखाना बंद असतो, पण किल्ली माझ्याकडे होती. दुपारी तिला बूथमध्ये बसवलं, हेडफोन चढवले, बटण हातात दिलं. उजवा कान स्वच्छ. डाव्या कानाचा आलेख 4000 हर्ट्झला खाली गेला, 30 डेसिबलपर्यंत. विसर्जनानंतर दरवर्षी बघते तोच खड्डा. असा खड्डा बहुधा एक-दोन दिवसांत भरून येतो, हे मी लोकांना रोज सांगते. सोमवार-मंगळवार मला झोप लागली नाही.

बुधवारी पुन्हा बसवलं. काचेपलीकडे ती डोळे मिटून, मान किंचित कलती करून बसली होती. मनगटावर महोत्सवाचा निळा कापडी पट्टा तसाच, आंघोळीच्या पाण्यानं विटलेला. मी डाव्या कानात 4000 चा सूर सोडला. 30 ला तिनं बटण दाबलं. 20 ला दाबलं. 15 ला दाबलं. मी 10 वर आले आणि थांबले. थोडा वेळ काहीच झालं नाही.

मग दिवा लागला.