टाच, गुडघा, खुबा

धुळ्याकडच्या नरडाण्यात आमच्या लहानपणी मुलीची कंबर ओझं वाहायला असे. एका कडेला कळशी, नाहीतर धाकटा भाऊ. कपाशी वेचायला गेलं की दिवसभर कंबरेतून वाकायचं आणि ओटीतल्या कापसाचं वजन तिथंच बांधून हिंडायचं. एवढं सगळं सोसणारी कंबर चालताना मात्र हलता कामा नये. ती हलली की आजी ओरडायची, आणि बसताना गुडघे लांब झाले तर त्याहून मोठ्यानं.

अशा घरातून मी शाळेच्या मैदानावर सॉफ्टबॉल खेळायला गेले. जळगाव-धुळ्याकडच्या शाळांत हा खेळ चांगला रुजला, त्याला हिशेबी कारणं होती. शालेय स्पर्धांच्या यादीत त्याचं नाव होतं, प्रमाणपत्राचा पुढे कुठंतरी उपयोग होईल अशी आशा होती, आणि क्रिकेट बघून डोळे तयार असल्यानं खेळ पटकन समजायचा. साहित्य बेताचंच. घरी आईची कपडे धुवायची मोगरी घेऊन मी सराव करायचे. १८८७ साली शिकागोच्या एका बोटक्लबात जॉर्ज हॅनकॉक यांनी हा खेळ सुरू केला तो बॉक्सिंगचा हातमोजा चेंडू म्हणून बांधून आणि झाडूचा दांडा बॅट म्हणून घेऊन. हे फार नंतर वाचलं तेव्हा मोगरीचा मान वाढल्यासारखा वाटला.

सरांनी सुरुवातीला बॅट हातात दिलीच नाही. नुसतं उभं केलं. पाय खांद्यांपेक्षा जरा रुंद, गुडघे सैल, वजन चवड्यांवर, ढुंगण थोडं मागे. आम्ही मुली एकमेकींकडे बघून लाजलो. घरी ज्यासाठी बोलणी बसायची तोच इथला पहिला धडा होता. कुणी नुसत्या दंडाच्या जोरावर बॅट फिरवली की सर अहिराणीत म्हणायचे, "बळ पायमा शे, हातमा नही."

उजव्या हाताची खेळाडू असेल तर पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणारीचा, हात फिरू लागताच ती वजन मागच्या, म्हणजे उजव्या पायावर घेते. उजवा खुबा किंचित आत वळतो आणि मांडीत ताण साठतो. मग डावा पाय पिचरच्या दिशेनं छोटं पाऊल टाकतो. डावी टाच जमिनीत बसली की खरा फटका सुरू होतो. उजवा गुडघा आत वळतो, उजवी टाच उचलली जाते आणि कंबर पिचरकडे उघडते. खांदे त्या क्षणी अजून मागेच असतात. कंबर पुढे गेलेली आणि खांदे मागे राहिलेले, या पिळातच फटक्याचा जोर असतो. तो पीळ सुटतो तेव्हा आधी धड, मग खांदे, मग हात आणि सगळ्यात शेवटी बॅट. पुढचा पाय या वेळी जवळजवळ ताठ हवा. तो थांबतो म्हणून कंबर त्याच्याभोवती फिरू शकते. पुढचा गुडघा वाकत राहिला तर अंग नुसतं पुढे वाहत जातं, फिरत नाही.

गावातली क्रिकेट खेळणारी पोरं आमची बॅट मागून घ्यायची आणि फसायची. त्यांना सरळ बॅटची, चेंडूवर डोकं नेण्याची सवय. इथं चेंडू टप्पा न घेता येतो आणि बॅट आडवी, अंगाभोवती फिरते. मुलींच्या खेळात पिचर ४३ फुटांवर असते. चेंडू ताशी शंभर किलोमीटरनं आला तर अर्धा सेकंदही मिळत नाही. तेवढ्यात विचार करून हात-पाय जुळवणं शक्य नाही, क्रम अंगात मुरलेलाच लागतो. १९९५ साली वेल्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेसबॉलपटूंचा फटका मोजून मांडला. त्यात कंबरेचा भाग सेकंदाला ७१४ अंशांपर्यंत वेग घेतो आणि त्यामागून खांदे ९३७ अंशांपर्यंत जातात. प्रत्येक सांधा खालून मिळालेला वेग वाढवून वर देतो. सरांच्या अहिराणी वाक्याचीच ही आकडेवारी.

सामन्यांना आम्ही सुरत-भुसावळ मार्गावरच्या पॅसेंजरनं जायचो. बेटावद, अमळनेर, धरणगाव करत जळगाव. तिथल्या दणकट मुलींसमोर मला कळलं की भीती आधी पायात दिसते. चेंडू अंगावर येतोय असं वाटलं की पुढचं पाऊल पिचरकडे न पडता बाजूला पळतं. त्याबरोबर कंबर वेळेआधी उघडते, साठवलेला पीळ वाया जातो आणि बाहेरच्या चेंडूपर्यंत बॅट पोचतच नाही. चेहरा कितीही धीट ठेवा, मागे बसलेली कॅचर पाऊल बघते आणि पुढचा चेंडू कुठं मागायचा ते ठरवते.

जळगावला १९९० मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं. त्याच्या सुरुवातीच्या वर्षांत मी कॉलेजात होते, तेवढाच काळ खेळ टिकला. लग्नानंतर बॅट गेली. दोन बाळंतपणांनी खुब्याचे सांधे सैल झाले आणि पन्नाशीनंतर उजवा खुबा दुखू लागला. फिजिओथेरपिस्ट बाईंनी तपासून सांगितलं, बैठकीचे स्नायू अशक्त झालेत, म्हणून कंबर आणि गुडघा जास्तीचं काम करताहेत. शरीरातला सगळ्यात मोठा स्नायू तिथं असतो आणि दिवसभर खुर्चीत आपण त्यालाच झोपवतो. त्यांनी व्यायाम दिले: उताणं पडून कंबर उचलायची, कुशीवर होऊन पाय वर न्यायचा. एका पायावर वजन तोलून धरायला सांगितलं तेव्हा अंगाला ते लगेच आठवलं. पिचर हात फिरवायला लागल्यावरचा तोच तोल होता.

आता भावाची मुलगी खेळते. ती मोबाइलवर स्वतःचा फटका संथ करून मला पाठवते आणि मी लिहिते, "टाच बसायच्या आत खांदा उघडतोय." ती म्हणते, "आत्या, २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल परत आहे." मी म्हणते, आधी जिल्ह्याच्या संघात ये.

वहिनींना मात्र प्रश्न पडतो की लग्न झाल्यावर याचा काय उपयोग. त्यांना मी गॅसचा सिलिंडर दाखवते. भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास भरतो. आमच्या घरचे पुरुष तो पाठीनं ओढतात आणि रात्री मलम शोधतात. मी पाय रुंद रोवते, खुब्यातून बसते, टाचांनी जमीन दाबते आणि उचलते. वहिनी हसायच्या. परवा सिलिंडर आला तेव्हा त्यांनीच मला फोन केला, उजवा पाय नक्की किती मागे घ्यायचा ते विचारायला.