अर्धा मिलिमीटर

चाळीस वर्षे मी वजने केली. वडोदऱ्याच्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझी नोकरी गेली आणि तिथला रासायनिक तराजू हेच माझे दैवत होते. काचेची दारे लावल्याखेरीज वाचन घ्यायचे नाही, वजनांना बोट लावायचे नाही, ती चिमट्यानेच उचलायची. बोटाचा तेलकटपणासुद्धा मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्श्यात दिसतो. अशा माणसाने निवृत्तीनंतर गोल्फ खेळावा, यात नवल नाही. पण त्याने आपल्या हाताचा दोष ३०० ग्रॅमच्या एका पोलादी तुकड्यात शोधत दीड वर्ष घालवावे, हे मात्र थोडे लाजिरवाणे आहे. ते सांगून टाकावे म्हणून हा लेख.

आमच्या शहरात गोल्फ राजवाड्याच्या आवारात खेळला जातो. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९० साली, लक्ष्मीविलास पूर्ण झाला. प्रतापसिंहरावांनी १९३०च्या दशकात आपल्या युरोपीय पाहुण्यांसाठी तिथे गोल्फचे मैदान करवले. आणि १९९०च्या दशकात त्याची दुरुस्ती होऊन ते सामान्य माणसांना खुले झाले. त्या सामान्य माणसांत मला ओढून नेणारे माझे स्नेही गुजराती, कापडाचे व्यापारी. त्यांना मी भाईसाहेब म्हणतो, इथेही तसेच म्हणेन. ते मला साहेब म्हणतात. वीस वर्षांत या संबोधनात बदल झालेला नाही आणि आठवड्यातून दोन सकाळी एकत्र खेळण्याचा नेमही मोडलेला नव्हता; अपवाद एकाच वर्षाचा, आणि तोच आजचा विषय.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे. दूरवर चेंडू भिरकावणारे फटके दिसायला देखणे असतात, पण हिशेब चुकता होतो तो शेवटच्या शंभर यार्डांत. तिथे पूर्ण ताकद लावायची नसते. अर्धा, पाव, कधी नुसता मनगटाएवढा झोका देऊन चेंडू हिरवळीवर अलगद टाकायचा आणि झेंड्याशेजारी थांबवायचा. या कामासाठी ज्या काठ्या असतात त्यांना वेज म्हणतात. त्यांचे पाते ४६ अंशांपासून ६० अंशांपर्यंत मागे कललेले असते, त्यामुळे चेंडू पुढे जाण्यापेक्षा वर अधिक जातो. पात्याच्या तळालाही एक फुगीर उतार असतो, त्याला बाउन्स म्हणतात. त्याच्यामुळे पाते जमिनीत रुतत नाही, घसरून पुढे जाते. आमच्याकडे मे महिन्यात जमीन फरशीसारखी वाजते आणि ऑगस्टमध्ये शिऱ्यासारखी होते, म्हणून एकच वेज बारा महिने नीट चालेल अशी आशा कोणी करू नये.

या वेजच्या जन्मकथेतच वजन आहे. अमेरिकी खेळाडू जीन सॅराझन वाळूच्या खड्ड्यातून चेंडू काढताना हैराण होत असत. विमानात बसले असता शेपटीचा भाग खाली जातो तेव्हा नाक वर उठते, हे पाहून आपल्याला युक्ती सुचली, असे ते स्वतः सांगत. फ्लोरिडातल्या न्यू पोर्ट रिची गावी त्यांनी निब्लिक नावाच्या जुन्या काठीच्या तळाला कल्हईवाल्यासारखे डाख ओतले, घासले, पुन्हा ओतले, आणि तो जड, फुगीर तळाचा वेज घेऊन १९३२ची ब्रिटिश ओपन जिंकली. म्हणजे पात्याला धातू चिकटवून नशीब बदलू पाहणारा मी काही पहिला नव्हे. फरक इतकाच की त्यांचा प्रश्न खरोखरच पात्यात होता.

माझा प्रश्न सुरू झाला फेब्रुवारी २०२३ मध्ये. जोड्यांची एक स्थानिक स्पर्धा होती. शेवटच्या होलवर चेंडू हिरवळीपासून पंधरा पावलांवर, सपाट गवतात, समोर अडथळा नाही. तो नुसता हिरवळीवर आला असता तरी आम्ही जिंकलो असतो. काठी मागे नेईपर्यंत सर्व ठीक होते. खाली येताना, चेंडूला लागण्याच्या क्षणभर आधी, माझा उजवा हात विजेचा झटका बसावा तसा उडाला. पात्याची धार चेंडूच्या पोटावर बसली आणि तो हिरवळ ओलांडून पलीकडच्या वाळूत गेला. वाळूतूनही तेच. आम्ही हरलो. भाईसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चालशे."

चालेल. त्यांनी रागावून काही म्हटले असते तर मी रात्रीपर्यंत विसरलो असतो. पण 'चालशे' हा शब्द आपण नातवाने दूध सांडल्यावर वापरतो.

त्या झटक्याला गोल्फमध्ये यिप्स म्हणतात. मोठमोठ्या खेळाडूंना तो ग्रासतो. जर्मनीचे बर्नहार्ड लँगर त्यातून अनेकदा बाहेर आले, हे प्रसिद्ध आहे. काहींच्या बाबतीत तो मज्जासंस्थेचा दोष असतो, काहींच्या बाबतीत निव्वळ धास्तीचा, आणि पुष्कळांच्या बाबतीत दोन्हींचे मिश्रण. हे मी आज शांतपणे लिहितो. तेव्हा मात्र मी सांगितले की गुडघा दुखतो आहे, आणि जाणे थांबवले. पत्नीला गुडघ्याची गोष्ट पटली नाही, पण तिने विचारले नाही.

त्याच सुमारास आमच्या क्लबात वजन बदलता येणाऱ्या वेजची साथ आली होती. पात्याच्या पाठीला तीन भोके, त्यात तीन स्क्रू, आणि सोबत एक छोटा पाना. जड स्क्रू पात्याच्या टोकाकडे बसवला तर पाते मिटायला उशीर करते, दांड्याकडे बसवला तर लवकर मिटते, मध्ये बसवला तर मध्यम, असा त्यामागचा सिद्धांत. अस्थिरोगाचे एक डॉक्टर शपथेवर सांगत की जड स्क्रू टोकाला नेल्यापासून त्यांचा चेंडू डावीकडे पळणे थांबले. एक संगणकवाला तरुण दर रविवारी नवी मांडणी घेऊन येई आणि दर रविवारी त्याला अखेर गुपित सापडलेले असे. लष्करातून निवृत्त झालेले एक कर्नलसाहेब या सर्वांना हसत, पण त्यांच्या काळवंडलेल्या जुन्या वेजच्या पाठीवर शिशाच्या चिकटपट्टीचे इतके थर होते की गोधडीची आठवण व्हावी. मी गुपचूप एक तसला वेज मागवला.

तो आला त्या दिवशी स्वयंपाकघरातला काटा घेऊन बसलो. "अहो, तो डाळीसाठी आहे," एवढेच पत्नी म्हणाली. माझ्या वेजचे डोके ३०० ग्रॅमच्या आसपास, हलके स्क्रू २ ग्रॅमचे, जड ८ ग्रॅमचा. दोहोंतला फरक ६ ग्रॅम. तो मधून टोकाकडे सुमारे २५ मिलिमीटर सरकवला तर गुरुत्वमध्य किती सरकेल? सहा गुणिले पंचवीस भागिले तीनशे. अर्धा मिलिमीटर. शाळकरी गणित. त्याच संध्याकाळी हे सर्व थांबायला हवे होते. पण आयुष्यभर अर्ध्या मिलिग्रॅमसाठी औषधाचे घाणे नापास केलेल्या माणसाला अर्धा मिलिमीटर क्षुल्लक कसा वाटावा?

एकूण वजनाची बाब निराळी आहे, तेवढे सांगितले पाहिजे. काठी हातात किती जड वाटते हे तिच्या वजनापेक्षा समतोलावर ठरते. १९२०च्या दशकात रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी त्यासाठी एक खास तराजू बनवला. मुठीच्या टोकापासून १४ इंचांवर टेकू देऊन डोक्याचा भार मोजायचा आणि त्याला इंग्रजी अक्षर व आकडा द्यायचा. डोक्यात साधारण २ ग्रॅम वाढले की एक अंश वाढतो. माझ्या वेजचा मूळ समतोल डी-५ होता. तिन्ही स्क्रू जड बसवले म्हणजे १२ ग्रॅम अधिक, सहा अंश वर, ई-१. एवढा फरक डोळे मिटूनही कळतो. जड डोक्याला घाई करता येत नाही. त्याचा झोका विहिरीच्या पोहऱ्यासारखा आपल्या गतीने येतो आणि मनगटाला त्यात ढवळाढवळ करायला वाव कमी राहतो.

आता प्रयोग. औषधाची परीक्षा घेताना साखरेची गोळी कोणाला दिली हे रुग्णाला ठाऊक नसते. मीही तसेच केले. पहाटे, लोक यायच्या आत, सरावाच्या हिरवळीवर जायचे. माझ्या जुन्या कॅडीला सांगितले की जड स्क्रू तुला हवा तिथे बसव, तिन्हींवर विजेची काळी चिकटपट्टी लाव, आणि कुठे बसवलास ते तुझ्या कागदावर लिही. मला सांगू नकोस. पंधरा पावलांवरून दहा चेंडू. मग मांडणी बदलायची. सहा सकाळी, रोज तीन मांडण्या. स्क्रू कुठे आहे याचा अंदाज मी दर वेळी माझ्या वहीत लिहीत असे.

सातव्या दिवशी कागद आणि वही शेजारी ठेवली. अठरांपैकी सात अंदाज बरोबर होते. डोळे झाकून बोट ठेवले असते तरी सहा आले असते. चेंडू झेंड्याजवळ थांबण्याच्या संख्येतही तीन मांडण्यांत सांगण्यासारखा फरक नव्हता. डॉक्टरांचा चेंडू सरळ का जाऊ लागला हे मला माहीत नाही. जात असेल तर त्यांनी पाना टाकून देऊ नये, एवढेच मी म्हणेन.

पण कॅडीच्या कागदावर मी न सांगितलेली एक गोष्ट होती. काही चेंडूंपुढे त्याने बारीक फुल्या मारल्या होत्या. मला वाटले, चुकलेल्या फटक्यांच्या खुणा. तसे पाहिले तर त्या बहुतेक चुकलेल्याच फटक्यांपुढे होत्या. विचारले तेव्हा तो संकोचला. मग म्हणाला, "साहेब, ए चोकडी एटले माणस." त्या फटक्याच्या वेळी जवळून कोणीतरी जात होते. कधी माळी, कधी कर्नलसाहेबांची चौकडी, एकदा राजवाडा पाहायला आलेली मुले.

मी प्रयोगात स्क्रू मोजत होतो आणि त्याने माणसे मोजली होती. चाळीस वर्षे तरुण रसायनज्ञांना मी बजावले होते की तराजूशेजारी कोण उभे आहे, पंखा चालू आहे का, दार उघडे आहे का, हे आधी लिहा. त्या मुलाने शाळा आठवीत सोडली आहे.

घरी आल्यावर बराच वेळ वही पुढे घेऊन बसलो. गुडघ्याची गोष्ट पत्नीला मी त्याच दुपारी खरी करून सांगितली. तिने विचारले, "आणि भाईसाहेबांना?" त्याचे उत्तर द्यायला मला आणखी पंधरा दिवस लागले.

त्यांच्याकडे गेलो ती वही घेऊनच. नुसत्या तोंडाने बोलणे जमले नसते. व्यापारी माणूस, त्यांनी ती खातेवहीसारखी बोट फिरवत वाचली. फुल्यांपाशी थांबले. मग म्हणाले की वर्षभर त्यांची अशी समजूत होती की मी त्यांच्यावर रागावलो आहे. त्या स्पर्धेत सोळाव्या होलवर तीन फुटांचा चेंडू त्यांनीच घालवला होता. मला त्याची आठवणही नव्हती. हार आपल्यामुळे झाली आणि साहेब ते बोलून दाखवायला नको म्हणून येत नाहीत, असे ते धरून चालले होते. शेवटच्या होलवरचा 'चालशे' त्यांनी कोणाला उद्देशून म्हटला होता हे मी विचारले नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये आम्ही पुन्हा उतरलो. आदल्या रात्री मी तिन्ही स्क्रू जड बसवले, कारण वहीतली तेवढी एक गोष्ट खरी होती. पाना घरीच ठेवला. नियमाप्रमाणे डाव सुरू झाल्यावर वजन बदलून त्या काठीने फटका मारणारा स्पर्धेतून बाद होतो. आमची काही स्पर्धा नव्हती, पण खिशात पाना असता तर चौथ्या होलवरच मी तो चाचपला असता. चौथ्यावर हात उडाला. नवव्यावरही. भाईसाहेब दोन्ही वेळा माझ्याकडे बघत उभे होते. मीच त्यांना सांगितले होते की पाठ फिरवू नका.

शेवटच्या होलवर चेंडू साधारण त्याच जागी आला. गवत ओले, जमीन मऊ. जड पाते घसरत गेले आणि आवाज जवळजवळ झालाच नाही. चेंडू वर उठला, हिरवळीवर टेकला, लोळला आणि झेंड्यापासून चार फुटांवर थांबला. एवढे अंतर भाईसाहेब वीस वर्षे मला सोडून देत आले होते. चेंडू उचला म्हणत, झाले म्हणत. मी सवयीने तो उचलायला वाकलो.

"नहीं चाले, साहेब," ते म्हणाले. "पूरुं करो."

मी चेंडूमागे नाणे ठेवले, चेंडू पुसला आणि कॅडीकडून पटर मागून घेतला.