टँकर आला की

नालासोपाऱ्यात राहणाऱ्याला पाण्याच्या टँकरबद्दल वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात आमच्या बिल्डिंगचं अर्धं बोलणं टँकर आला की नाही, याचंच असतं. पण आमचा धाकटा टँकरची वाट पाण्यासाठी पाहत नाही. पाइप टाकीत सोडला की तो खाली धावतो, पाइपावर तळहात ठेवतो आणि टँकर रिकामा होईपर्यंत तसाच उभा राहतो. ड्रायव्हरलाही आता सवय झाली आहे.

तो १० वर्षांचा आहे. बोलतो ते शब्द मोजले तर पंधरा-वीस भरतील. तीन वर्षांचा असताना डॉक्टरांनी ऑटिझम असल्याचं सांगितलं. मराठीत याला स्वमग्नता म्हणतात. मला तो शब्द कधी पटला नाही. जणू पोराला आपली गरजच नाही, तो आपल्याच नादात सुखी आहे!

घरात पहिला दोष अर्थातच त्याच्या अम्मीच्या माथी आला. मोबाइल हातात दिला म्हणून झालं, नजर काढली नाही म्हणून झालं. एका खालाने तावीज आणून दिला. मी तेव्हा फार चिडायचो. पुढे वाचनात आलं, की लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेत ११ मुलांची निरीक्षणं छापून या अवस्थेला नाव मिळवून दिलं, आणि त्यानंतर कित्येक वर्षं तिथले शिकलेसवरले तज्ज्ञही आईच्या कोरडेपणालाच दोष देत होते. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड यांनी पुस्तक लिहून ते खोडून काढलं. त्यांचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता. तज्ज्ञांना इतका वेळ लागला, मग आमच्या खालाला थोडा द्यायलाच हवा.

आम्ही आमच्या परीने सगळं केलं. स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, त्यासाठी गर्दीच्या लोकलमधून बोरिवलीच्या चकरा. त्याचा उपयोग झाला, नाही म्हणणार नाही. पण त्याला मित्र मिळावा म्हणून जे केलं, त्याचं आता हसू येतं. बॅट-बॉल आणला, कॅरम आणला, बिल्डिंगमधल्या पोरांना कुरकुरे देऊन घरी बसवलं. पोरं खाऊन निघून जायची. एका बाईंनी जिन्यात विचारलं, "तो चावत वगैरे नाही ना?" त्यानंतर बरेच महिने आम्ही कुणाच्या लग्नालाही गेलो नाही.

मग सफाळ्याहून एक कुटुंब तळमजल्यावर राहायला आलं. त्यांचा मुलगा आमच्या मुलाहून वर्षाने मोठा. एका संध्याकाळी टँकर लागला होता. हा पोरगा आला, काही न विचारता पाइपावर हात ठेवून उभा राहिला. मग वाकून त्याने पाइपाला कान लावला. "काका, आतमध्ये कुणीतरी गुरगुरतंय!"

इतकी वर्षं मी पोराला त्या पाइपापासून ओढून घरी नेत होतो. एकदाही कान लावून पाहिलं नव्हतं.

आमच्या मुलाने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याचं मनगट धरलं आणि त्याचा हात टँकरच्या कॉकजवळ नेऊन ठेवला. तिथे पाइप सर्वांत जास्त थरथरतो.

डेमियन मिल्टन नावाचे इंग्लंडमधले अभ्यासक आहेत, स्वतः ऑटिस्टिक. त्यांनी २०१२ मध्ये मांडलं, की न समजणं हे दोन्ही बाजूंचं असतं. ऑटिस्टिक माणसाला इतर कळत नाहीत, तितकेच इतरांनाही तो कळत नाही. मी हे फार उशिरा वाचलं. तळमजल्यावरच्या पोराला वाचायची गरजच पडली नाही.

दिवाळीत तो आधी वर येतो. "काका, दहा मिनिटांनी माळ लावणार आहोत, त्याचे कान झाका." आणि माळ गल्लीच्या पार टोकाला नेऊन लावतो. ईदला त्याला शीरखुर्मा लागतो. आमचा मुलगा स्वतःची वाटी त्याच्यापुढे सरकवतो, कारण याला खारीक आवडत नाही. दोघांची सोय होते.

नातेवाईक मला जिया रायचे व्हिडिओ पाठवतात. ही ऑटिस्टिक मुलगी आमच्याच इथल्या अर्नाळा किल्ल्यापासून वसई किल्ल्यापर्यंत पोहत गेली. १७ फेब्रुवारी २०२१ रोजी वांद्रे-वरळी सी लिंकपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंतचे ३६ किलोमीटर तिने ८ तास ४० मिनिटांत कापले, तेव्हा ती १२ वर्षांची होती. पुढे इंग्लिश खाडीही पोहली. मला तिचं मनापासून कौतुक आहे. पण व्हिडिओखाली लिहिलेलं असतं, "बघा, तुमचाही करेल काहीतरी!" नाही केलं तर? 'माय नेम इज खान' आल्यापासून लोक अशा मुलात काहीतरी अचाट शोधत असतात. माझ्या मुलाला पाइपातलं पाणी कळतं. तेवढ्यावर त्याला कुणी जवळ करावं, एवढीच माझी मागणी आहे.

कागदोपत्री म्हणाल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांमध्ये ऑटिझम आहे. त्याचं ओळखपत्र काढलंय. १८ वर्षं पूर्ण झाल्यावर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कायदेशीर पालक नेमता येतो, तीही माहिती काढून ठेवलीय. आमच्यानंतर याचं कोण, हा विचार रोज रात्री येतोच.

या वर्षी तळमजल्यावरचा पोरगा क्रिकेटच्या कोचिंगला जायला लागला. संध्याकाळी यायचं कमी झालं. आमचा मुलगा गॅलरीतून खाली बघत बसायचा. राहवलं नाही म्हणून मी त्याच्या आईकडे गेलो. त्या भाकऱ्या थापत होत्या. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भाऊ, तो काय ड्युटीवर नाही हो. मित्र आहे. येईल तेव्हा येईल." मी मान खाली घालून परत आलो. मलाही तो पोरगा थेरपीच्या तक्त्यात भरायचा होता, हे तेव्हा लक्षात आलं.

गेल्या आठवड्यात टँकर आला तेव्हा आमचा मुलगा एकटाच खाली गेला. मी जिन्यात थांबलो. थोड्या वेळाने बी विंगमधल्या दोन लहान मुली आल्या. "दादा म्हणाला, हात ठेवला की गुदगुल्या होतात," एक जण म्हणाली. आमच्या मुलाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. फक्त एक पाऊल बाजूला सरकला आणि कॉकजवळची जागा मोकळी केली.