येणार, येणार... पण काय?

परवा मावशीकडे माळा आवरताना दादाचा जुना लॅपटॉप सापडला. बिजागरी तुटलेली, बॅटरी फुगलेली. एकदम २००९ ची दिवाळी आठवली.

तर झालं असं की, भाऊबीजेला आम्ही सगळे साताऱ्याला आजोळी जमलो होतो. दादा, म्हणजे माझा मावसभाऊ, पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, मी सातवीत. शिकवण्या घेऊन त्याने लॅपटॉपपुरते पैसे साठवले होते, पण घेत नव्हता. का? तर म्हणे ॲपलचा टॅब्लेट येणार!

मामा भडकला. "काही येत नाही. गुपचूप लॅपटॉप घे आणि प्रोजेक्ट संपव."

करंज्या संपल्या तरी वाद संपेना. मामाची बाजू तशी भक्कम होती. ॲपलने १९९३ मध्ये न्यूटन काढला, हाताने लिहिलेलं ओळखण्यात त्याने स्वतःचं हसं करून घेतलं आणि १९९८ मध्ये तो बंद झाला. मायक्रोसॉफ्टचे टॅब्लेट पीसी २००२ पासून बाजारात, पण घेतंय कोण? आणि खुद्द स्टीव्ह जॉब्जने २००३ मध्ये जाहीर सांगितलेलं, टॅब्लेट काढायचा विचार नाही, लोकांना कीबोर्ड लागतो. दादाकडे एकच उत्तर: "मामा, तू आयफोन बघितलास का? तोच मोठा करायचा."

गंमत पुढे कळली. २०१० मध्ये जॉब्जनेच सांगितलं की कंपनीत आधी टॅब्लेटचंच काम चालू होतं. बोटाने सरकणारी यादी बघितल्यावर त्याला वाटलं, अरे, याचा फोन होईल! मग टॅब्लेट बाजूला पडला आणि २००७ मध्ये आयफोन आला. म्हणजे दादाचं बरोबर, फक्त क्रम उलटा. मामाचा 'पुरावा' मात्र कामाचा नव्हता. जॉब्ज ज्याला नाही म्हणत होता तो पेनने चालणारा लॅपटॉप होता.

२७ जानेवारी २०१०. आयपॅड जाहीर झाला. हजार डॉलरच्या अफवा होत्या, किंमत निघाली ४९९ पासून. दादाने रात्री मामाला फोन लावला, "जिंकलो!"

दुसऱ्या दिवशी त्याने नीट वाचलं. मॅकची सिस्टिम नाही, आयफोनचीच. यूएसबी पोर्ट नाही. कोड लिहून कंपाइल करायची सोयच नाही! आणि विक्री एप्रिलपासून, तीही अमेरिकेत. इकडे प्रोजेक्ट सबमिशन मार्चमध्ये.

इतके महिने तो कॉलेजच्या लॅबमध्ये नंबर लावून काम करत होता. 'येणार का' यावर सगळे भांडले. 'काय येणार, आणि माझ्या कामाचं असेल का' हे ना त्याने विचारलं, ना मामाने. (मी विचारलं होतं, त्यावर गेम चालतील का. कोणी लक्ष दिलं नाही :-))

फेब्रुवारीत दादाने मुकाट्याने लॅपटॉप घेतला, मिळेल तो. तोच हा, माळ्यावरचा. त्यावर महिनाभर रात्री जागून प्रोजेक्ट कसाबसा दिला. मार्क जेमतेम.

असो. जानेवारी २०११ मध्ये आयपॅड भारतात आला. आमच्या खानदानात पहिला कोणी घेतला सांगा?

मामाने. सकाळी चहाबरोबर पेपर वाचायला. दादाने आजतागायत एकही घेतलेला नाही.