अंगणातला अनंत

वळवाचे एक-दोन पाऊस पडून गेले की बेळगावात टिळकवाडीतल्या जुन्या गल्ल्यांत सकाळी एक गोड वास रेंगाळत असतो. त्याचा माग काढत गेले की एखाद्या कौलारू घराच्या फाटकाशी पुरुषभर उंचीचे अनंताचे झुडूप दिसते. गर्द हिरवी, तकतकीत पाने आणि त्यांत पांढरीशुभ्र फुले. शेजारी तगर, जास्वंद आणि कुंपणाला कण्हेर. ही सगळी झुडपे बारमाही हिरवी. एकाचा बहर ओसरला तरी दुसऱ्याचे फूल देवपूजेच्या परडीत पडतेच.

अनंत मूळचा चीनकडचा, पण इथे तो परका वाटत नाही. त्याचे कारण आपल्या मातीत आहे. अनंताला आम्लधर्मी माती लागते. जिल्ह्याच्या पश्चिमेला, खानापूरच्या बाजूला, भरपूर पाऊस आणि जांभ्याची तांबडी माती. पूर्वेला सौंदत्ती-गोकाककडे जावे तसतशी काळी जमीन लागते. चुनखडीच्या जमिनीत अनंताला लोह नीट शोषता येत नाही. मग पानाच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो.

हे पिवळे पान आता तांबड्या मातीतल्या अंगणांतही दिसते. जुने घर पाडून नवे बांधताना सिमेंट-चुन्याचा राडारोडा अंगणातच पसरला जातो, वर फरशी येते आणि झाडाला बोअरचे जड पाणी मिळते. अशा ठिकाणी अनंत लावायचा तर दोन फूट खोल-रुंद खड्डा घेऊन राडारोडा पूर्ण काढावा. तांबडी माती, कुजलेले शेणखत आणि पालापाचोळा भरावा. बुंध्याभोवती हात-दीड हात जागा उघडी ठेवावी. चुलीतली किंवा बंबातली राख मात्र अनंताला घालू नये. शक्य तेव्हा साठवलेले पावसाचे पाणी द्यावे.

छाटणीचेही तंत्र आहे. अनंत बहर ओसरल्याबरोबर छाटावा. उशीर झाला तर पुढच्या कळ्याच कापल्या जातात. जास्वंद नव्या फुटीवर फुलते, म्हणून तिला छाटणी मानवते. तिच्यावर कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन साबणाचे सौम्य पाणी फवारावे. कण्हेर सर्वांगाने विषारी. छाटलेल्या फांद्या गुराढोरांपुढे टाकू नयेत आणि हात स्वच्छ धुवावेत.

घर विकले जाते तेव्हा कागदावर गुंठे येतात, झुडूप येत नाही. सासूने लावलेला, सुनेने वाढवलेला अनंत जेसीबीच्या पहिल्या फेरीतच जातो. मोठे झुडूप हलवले तर जगेलच याची खात्री नसते. फांद्या मात्र रुजतात. जून-जुलैत पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब काडी घ्यावी, खालची पाने काढावीत आणि वाळू-मातीच्या मिश्रणात सावलीत लावावी. ओल टिकली तर महिना-दीड महिन्यात मुळे धरतात. सगळ्या काड्या लागत नाहीत, म्हणून पाच-सहा लावाव्यात.

गल्लीतले एखादे जुने घर उतरणार असे कळले की मालकांना विचारून आधीच काड्या आणाव्यात. आणि एक रोप वाढवून, त्याच मालकांच्या नव्या फ्लॅटच्या गॅलरीत ठेवायला, कुंडीसकट परत नेऊन द्यावे.